कोरियन विद्यार्थ्याला इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि मूळ कसे शिकवावे: ‘कनिंग’ या एका शब्दाची पूर्ण तयारी

‘आय डिड कनिंग इन द एक्झाम.’ कोरियन मुलांना इंग्रजी शिकवायला घेतले की हे वाक्य कधी ना कधी कानावर येतेच. मुलाला म्हणायचे असते, ‘मी परीक्षेत कॉपी केली.’ शिक्षक लगेच दुरुस्त करतात, ‘कनिंग म्हणजे धूर्त.’ मग शब्द जुन्या इंग्रजीतून कसा आला ते रंगवून सांगतात, फळ्यावर मूळ धातू लिहितात, मुलगा सगळे वहीत उतरवून घेतो आणि पुढच्या आठवड्याच्या निबंधात तेच वाक्य पुन्हा लिहितो. सांगितलेली माहिती बरोबर असूनही पाठ फसतो, कारण ती चुकीच्या क्रमाने सांगितलेली असते. विद्यार्थ्याच्या डोक्यात त्या शब्दाचा एक पक्का कोरियन अर्थ आधीच बसलेला असतो. तो बाहेर काढून बाजूला ठेवल्याशिवाय नवा अर्थ आणि त्याचे मूळ टिकत नाही.

रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावला ह्युंदाईचा, माणगाव तालुक्यात पोस्कोचा. त्यामुळे पुण्यात आणि आसपास कोरियन मुलांना किंवा त्यांच्या पालकांना इंग्रजी शिकवण्याचे काम मराठी शिक्षकांकडे येते. ऑनलाइन शिकवणारेही आहेत. त्यांच्यासाठी हा क्रम लिहितो आहे. उदाहरण एकच, ‘कनिंग’, पण पद्धत कोणत्याही शब्दाला लावता येईल. एका शब्दाला साधारण चाळीस मिनिटे धरा. त्याहून कमी वेळ असेल तर मूळ सांगायच्या फंदात पडू नका, फक्त अर्थ शिकवा.

टप्पा १ : शब्द निवडा

प्रत्येक शब्दाचे मूळ शिकवण्यासारखे नसते. निवडण्याआधी तीन प्रश्न विचारा.

एक, हा शब्द कोरियन भाषेत आधीच वेगळ्या अर्थाने वापरला जातो का? दोन, मूळ कळल्यावर आजचा अर्थ सोपा होतो का? तीन, त्या मुळापासून आलेले आणखी तीन-चार शब्द विद्यार्थ्याच्या उपयोगाचे आहेत का?

‘कनिंग’ला तिन्ही उत्तरे ‘हो’ येतात. ‘नाइस’ दुसऱ्या प्रश्नावर अडतो. तो लॅटिनमधल्या ‘अडाणी’ अशा अर्थाच्या शब्दापासून आला, आणि ते सांगितल्याने ‘छान’ हा अर्थ सोपा होत नाही, उलट गोंधळ वाढतो. ‘डॉग’ तर मुळीच घेऊ नका, त्याचे मूळ जाणकारांनाही खात्रीने सांगता आलेले नाही.

कोरियनमध्ये शिरलेले इंग्रजी वाटणारे शब्द तीन गटांत वाटून ठेवले तर निवड सोपी जाते. पहिल्या गटात अर्थ आक्रसला आहे: ‘सर्व्हिस’ म्हणजे हॉटेलवाल्याने फुकट दिलेली जादा डिश, ‘मीटिंग’ म्हणजे तरुण मुलामुलींच्या गटांची ओळख व्हावी म्हणून ठरवलेली भेट. दुसऱ्या गटात अर्थ सरकला आहे: ‘हँडल’ म्हणजे गाडीचे स्टिअरिंग, ‘ड्रायव्हर’ म्हणजे स्क्रू ड्रायव्हरही, ‘नोटबुक’ म्हणजे लॅपटॉप. ‘कनिंग’ याच गटातला. तिसऱ्या गटातले शब्द विद्यार्थ्याला इंग्रजी वाटतात पण नसतात. अर्धवेळ कामाला म्हणतात ते ‘आरबाइट’ मुळात जर्मन आहे, आणि स्टेपलरला म्हणतात ते ‘होचिकिस’ एका कंपनीचे नाव.

इशारा. यातला कोणताही शब्द ‘असला शब्द इंग्रजीत नाहीच’ म्हणून उडवून लावण्याआधी आजचा शब्दकोश बघा. उत्तेजन देताना कोरियन लोक ‘फाइटिंग!’ म्हणतात. ते इंग्रजी नाही असे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो, पण २०२१ मध्ये ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने तो कोरियन अर्थ नोंदवून घेतला. त्याच वेळी ‘स्किनशिप’ (स्पर्शातून दिसणारी जवळीक) आणि ‘मुकबांग’ (भरपूर खातानाचे व्हिडिओ) हे शब्दही घेतले.

टप्पा २ : तीन रकान्यांची तयारी

वर्गाआधीचे हे काम सगळ्यांत महत्त्वाचे, आणि नेमके तेच सगळ्यांत जास्त टाळले जाते. एका पानावर तीन रकाने आखा: कोरियनमध्ये अर्थ काय, आजच्या इंग्रजीत अर्थ काय, मूळ काय. याच क्रमाने भरा. मूळ आधी भरले की त्याच्या गोडीत बाकीचे दोन रकाने घाईत उरकले जातात.

पहिला रकाना. कोरियन भाषेसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचा प्रमाण शब्दकोश इंटरनेटवर मोफत आहे, आणि कोरियन मुले रोज वापरतात तो नेव्हर या कोरियन संकेतस्थळाचा शब्दकोशही. कोरियन वाचता येत नसेल तर एखाद्या कोरियन पालकाला नोंद वाचून दाखवायला सांगा. तिथे ‘खॉनिंग’ या शब्दाखाली, म्हणजे ‘कनिंग’च्या कोरियन रूपाखाली, साधारण असे आहे: परीक्षेत पर्यवेक्षकाची नजर चुकवून आधी लिहून आणलेले उत्तर बघणे किंवा दुसऱ्याचे उतरवणे. त्याऐवजी वापरायचा कोरियन शब्द ‘पुजॉंगहेंगवी’ असाही सुचवलेला असतो, म्हणजे गैरप्रकार. लिहून आणलेल्या चिठ्ठीला ‘खॉनिंग पेपर’ म्हणतात, हेही टिपून ठेवा.

दुसरा रकाना. इथे शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश घ्या. तीन गोष्टी लिहा: शब्दाची जात, कौतुकाचा आहे की टीकेचा, आणि तो कोणत्या शब्दांशेजारी बसतो. ‘कनिंग’ विशेषण आहे आणि नामही आहे, पण क्रियापद नाही. आज तो बहुधा टीकेचा आहे, क्वचित ‘कनिंग प्लॅन’सारख्या जागी थोडे कौतुक डोकावते. शेजारी येणारे शब्द: प्लॅन, ट्रिक, फॉक्स.

तिसरा रकाना. मूळ किमान दोन विश्वासाच्या जागी ताडून पाहा. ते कोणत्या शतकातले, आणि त्या काळी शब्द कसा वापरला जायचा याचे एक तरी उदाहरण लिहा. उदाहरण मिळाले नाही तर तो टप्पा वर्गात सांगू नका.

सावधान. फोनवरच्या भाषांतराच्या ॲपला कोरियन शब्द देऊन इंग्रजी घेतले तर कधी ‘चीटिंग’ येते, कधी सरळ ‘कनिंग’च परत येतो. पहिला रकाना ॲपवरून भरू नका.

पडताळा. पान पूर्ण झाले की तिसरा रकाना हाताने झाका. पहिल्या दोन रकान्यांवर तुम्हाला पंधरा मिनिटे शिकवता येईल का? येत नसेल तर तयारी अपुरी आहे.

टप्पा ३ : आधी कोरियन अर्थ बाहेर काढा

वर्गात पहिला प्रश्न शब्दाचा नको, प्रसंगाचा हवा. चित्र दाखवा: परीक्षा चालू आहे, एक मुलगा शेजारच्याच्या पेपरात डोकावतो आहे. ‘कोरियनमध्ये याला काय म्हणतात?’ ‘खॉनिंग!’ हे उत्तर लगेच येते. ते फळ्याच्या डाव्या बाजूला लिहा आणि वर ‘कोरियन शब्द’ असे लिहा. ‘चुकीचे इंग्रजी’ असे लिहू नका.

हे मी आग्रहाने सांगतो, कारण इथे शिक्षकाचा सूर बिघडला की विद्यार्थी मिटून जातो. अशा कोरियन वळणाच्या इंग्रजीला ‘कॉंग्लिश’ म्हणतात, आणि त्या शब्दात कोरियन माणसाला हिणवणे ऐकू येते. आपण मराठी माणसांनी तर हे नीट समजून घ्यायला हवे. आपल्याकडे मुले परीक्षेत ‘कॉपी करतात’, भरारी पथक ‘कॉपी पकडते’, बोर्ड ‘कॉपीमुक्त अभियान’ राबवते. इंग्रजी ‘कॉपी’ला परीक्षेतल्या चिठ्ठीचा अर्थ नाही, तो आपण दिला, आणि तो मराठीत पूर्ण बरोबर आहे. ‘खॉनिंग’ही कोरियनमध्ये तितकाच बरोबर आहे.

आणखी एक. ‘तू कधी कनिंग केलेस का?’ असे गमतीनेही विचारू नका. कोरियात विद्यापीठ प्रवेशाची ‘सुनुंग’ परीक्षा नोव्हेंबरात होते आणि तिच्या इंग्रजी श्रवणचाचणीच्या वेळी विमानांची उड्डाणेसुद्धा थांबवतात. २००४ च्या सुनुंगमध्ये मोबाइलवरून उत्तरे पुरवण्याचा मोठा प्रकार उघडकीस आला आणि देश हादरला. परीक्षेतली फसवणूक हा तिथे हसण्यावारी न्यायचा विषय नाही. चित्रातल्या मुलाबद्दल बोला, समोरच्या मुलाबद्दल नाही.

पडताळा. ‘समजले का?’ या प्रश्नाला ‘यस’ आले तर त्यावर विसंबू नका. कोरियन ‘ने’ हा होकार अनेकदा फक्त ‘ऐकतो आहे’ एवढेच सांगतो. ‘डोन्ट यू नो धिस वर्ड?’ असा नकारार्थी प्रश्न विचारलात तर ‘यस’चा अर्थ ‘हो, माहीत नाही’ असा असू शकतो, आपल्या ‘हो, नाही माहीत’सारखा. म्हणून प्रश्न नेहमी सरळ विचारा आणि उत्तर कृतीतून घ्या: ‘चित्रात बोट दाखव’, ‘एक वाक्य बोल’.

टप्पा ४ : उच्चार

हा टप्पा पाच मिनिटांचा, पण चूक बहुधा आपली असते. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीचा ‘क’ श्वास सोडून उच्चारतात, तो आपल्या ‘ख’च्या जवळ जातो. मराठी माणूस कोरडा ‘क’ उच्चारतो. कोरियनमध्ये श्वास सोडून उच्चारलेला आणि घसा आवळून उच्चारलेला हे वेगळे ध्वनी आहेत आणि त्यांनी शब्द बदलतो. आपला कोरडा ‘क’ त्यांच्या कानाला आवळलेला ऐकू येतो, आणि विद्यार्थी बुचकळ्यात पडतो की हा कुठला नवा शब्द. तोंडासमोर कागदाची पट्टी धरा. ‘कनिंग’ म्हणताना ती हलली पाहिजे. ‘पेन’ आणि ‘टेन’लाही हेच.

शेवटच्या ‘इंग’मध्ये आपण ‘ग’ स्पष्ट वाजवतो. कोरियनमध्ये तो अनुनासिक ध्वनी ‘ग’शिवाय येतो, आणि इंग्रजीतही तसाच हवा. इथे विद्यार्थ्याला दुरुस्त करू नका, त्याचे ऐका.

लिहिण्यातली एक गफलत: बरेच कोरियन लोक हा शब्द दोन ‘न’ वाजवून ‘खॉन-निंग’ असा लिहितात, कारण इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘एन’ दोनदा आहे. प्रमाण लेखनात एकच ‘न’ आहे, आणि इंग्रजी उच्चारातही एकच.

टप्पा ५ : आजचा इंग्रजी अर्थ पक्का करा

फळ्याच्या उजव्या बाजूला ‘इंग्रजी शब्द’ लिहा आणि ‘कनिंग’ पुन्हा लिहा. मधे उभी रेघ मारा. डावीकडचा आणि उजवीकडचा शब्द एकमेकांचे भाषांतर नाहीत, हे त्या रेघेने दिसते.

अर्थ कोरियनमधून द्यायचा तर ‘क्योह्वालहादा’ हा शब्द जवळचा, म्हणजे धूर्त, कावेबाज. ‘यॉंगनीहादा’ नको, तो हुशार माणसाला कौतुकाने लावतात आणि इंग्रजी ‘क्लेव्हर’शी जुळतो. हे दोन शब्द समोरासमोर ठेवले की सूर लगेच कळतो. मग कोल्ह्याच्या गोष्टीतले एक वाक्य द्या, एक गुन्हेगाराच्या बेताचे.

आता डावीकडची मोकळी जागा भरायला हवी. विद्यार्थ्याला परीक्षेतल्या त्या प्रसंगासाठी इंग्रजी शब्द हवाच आहे. तो दिला नाही तर तो पुन्हा ‘कनिंग’कडेच वळेल. ‘चीट ऑन अ टेस्ट’ द्या, आणि चिठ्ठीसाठी ‘चीट शीट’.

इशारा. इथे मराठी शिक्षकाच्या तोंडून हमखास ‘ही डिड कॉपी’ निघते. एका भाषेतली गफलत काढून दुसरीची भरू नका. ‘ही कॉपीड फ्रॉम हिज फ्रेंड’ चालते, कारण तिथे खरोखर उतरवून घेतले आहे. चिठ्ठीला ‘कॉपी’ म्हणता येत नाही.

क्रियापदाची चूक वेगळी समजावा. कोरियनमध्ये नामाला ‘हादा’ जोडले की क्रियापद होते: ‘खॉनिंगहादा’. आपले ‘कॉपी करणे’ तसेच. म्हणून विद्यार्थी ‘डू कनिंग’ म्हणतो. त्याला सांगा की इंग्रजीत परक्या शब्दाला ‘डू’ जोडून काम भागत नाही, स्वतंत्र क्रियापद लागते. हा नियम त्याच्या पुढच्या दहा चुका वाचवतो. माझ्या मते या पाठातली सगळ्यांत उपयोगी गोष्ट हीच आहे, मुळापेक्षाही.

पडताळा. तीन चित्रे दाखवा: डोकावणारा मुलगा, लबाड कोल्हा, गणित झटकन सोडवणारी मुलगी. विद्यार्थ्याने न अडखळता ‘चीटिंग’, ‘कनिंग’, ‘क्लेव्हर’ असे म्हटले पाहिजे. इथे अडला तर पुढे जाऊ नका. मूळ पुढच्या तासाला सांगा.

टप्पा ६ : मूळ सांगा, जुन्याकडून आजकडे

आता कुठे मूळ. चार पायऱ्या, प्रत्येकीला एक उदाहरण, आणि मधे फाटे नाहीत.

पहिली पायरी, जुनी इंग्रजी. ‘कुन्नान’ असे एक क्रियापद होते. अर्थ: जाणणे, एखादी गोष्ट कशी करायची ते ठाऊक असणे. आजचा ‘कॅन’ त्यातूनच आला. ज्याला ठाऊक आहे त्याला ती जमते, म्हणून ‘जाणतो’पासून ‘जमते’ हा अर्थ निघाला.

दुसरी पायरी, चौदावे शतक. त्या क्रियापदापासून ‘कनिंग’ तयार झाला. अर्थ: जाणकार, कसबी. हा स्तुतीचा शब्द होता.

तिसरी पायरी, दोन्ही अर्थ शेजारी. लबाडीचा अर्थ हळूहळू रुजत गेला, पण चांगला अर्थ लगेच मेला नाही. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये कुशल कारागिराला ‘कनिंग वर्कमन’ म्हटले आहे. स्तोत्र १३७ मध्ये ‘यरुशलेमा, मी तुला विसरलो तर माझा उजवा हात आपले कसब विसरो’ अशा अर्थाची ओळ आहे, तिथे कसबासाठी ‘कनिंग’ हाच शब्द आहे. बरेच कोरियन विद्यार्थी चर्चला जाणाऱ्या घरांतले असतात. त्यांच्या बायबलात त्याच जागी ‘चेजु’ हा शब्द आहे, म्हणजे अंगची कला. हे स्तोत्र त्यांना ठाऊक असेल तर ही पायरी त्यांना आपोआप कळते.

चौथी पायरी, पूर्वेकडचा प्रवास. जपानी विद्यार्थ्यांच्या बोलीत ‘कान्निंगू’ हा शब्द परीक्षेतल्या लबाडीपुरता उरला, आणि तिथून तो कोरियनमध्ये गेला. हे एका वाक्यात सांगा आणि थांबा. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. जपानीतून आलेल्या शब्दांबद्दल तिथे आजही हळवेपणा आहे, आणि असे शब्द बदलण्याचे प्रयत्न चालू असतात. त्यावर आपण टिप्पणी करू नये.

या टप्प्यावर तीन चुका नेहमी होतात.

पहिली: ‘पूर्वी चांगला अर्थ होता, मग वाईट झाला’ असे एका झटक्यात सांगणे. दोन अर्थ शतकानुशतके एकत्र नांदले. विद्यार्थ्याला जुन्या पुस्तकात चांगला अर्थ सापडला तर त्याने गोंधळू नये, म्हणून तिसरी पायरी गाळू नका.

दुसरी: ‘खरा अर्थ जाणकार असाच आहे’ असे म्हणणे. मूळ अर्थ म्हणजे खरा अर्थ नव्हे. असे शिकलेला मुलगा मोठ्या प्रेमाने ‘माय ग्रँडमदर इज अ कनिंग कुक’ लिहितो, आणि वाचणाऱ्याला आजी लबाड वाटते. शब्दाचा आजचा अर्थ आज बोलणारे लोक ठरवतात. मूळ फक्त तो लक्षात ठेवायला मदत करते.

तिसरी चूक खास आपली: ‘हा शब्द संस्कृतमधून आला’ असे अभिमानाने सांगणे. ‘कॅन’ आणि ‘नो’ यांचे ‘ज्ञा’ धातूशी नाते आहे हे खरे. पण ते भावंडांचे नाते आहे, आई-मुलीचे नाही. इंग्रजी, लॅटिन आणि संस्कृत या भाषा एका अधिक जुन्या भाषेतून फुटल्या. तो धातू इंग्रजीत एका वाटेने आला, आपल्याकडे दुसऱ्या वाटेने.

ते नाते शिक्षकाला मात्र फार उपयोगी पडते. संस्कृतमध्ये जिथे ‘ज’ आहे आणि लॅटिनमध्ये ‘ग’, तिथे खास इंग्रजी शब्दात अनेकदा ‘के’ सापडतो. जानु म्हणजे गुडघा, इंग्रजीत ‘नी’, स्पेलिंग ‘के’ने सुरू. जन, इंग्रजीत ‘किन’. ज्ञा, इंग्रजीत ‘नो’, पुन्हा ‘के’ने सुरू. तो ‘के’ आज मुका आहे, पण पूर्वी उच्चारला जायचा. स्वतः ताडून पाहण्यासाठी हे वापरा. कोरियन मुलाला जानु आणि जन सांगत बसू नका, त्याच्या डोक्यावर तिसरी भाषा कशाला?

पडताळा. विद्यार्थ्याला चार चिठ्ठ्या द्या: ‘जाणणे’, ‘कसबी’, ‘धूर्त’, ‘परीक्षेतली लबाडी’. त्या क्रमाने लावायला सांगा, आणि शेवटची इंग्रजीच्या रेघेपलीकडे, डाव्या बाजूला ठेवायला सांगा. ती उजवीकडेच ठेवली तर टप्पा ५ पुन्हा घ्या.

टप्पा ७ : शब्दाचे कुटुंब

कोरियन विद्यार्थ्याला या टप्प्याची सवय असते. मुळावरून शब्द शिकायची पुस्तके तिथे भरपूर चालतात आणि मूळ या कल्पनेला ‘ऑवॉन’ हा नेहमीचा शब्द आहे. अडचण अशी की ती पद्धत बहुतेक लॅटिन-ग्रीक शब्दांना लावलेली असते, आणि ‘कनिंग’ खास इंग्रजी घरातला आहे.

म्हणून आधी दोन थर दाखवा. कोरियनमध्ये ‘आल्दा’ म्हणजे जाणणे हा देशी शब्द, आणि ‘चिशिक’ म्हणजे ज्ञान हा चिनी अक्षरांतून आलेला. इंग्रजीतही तसेच: ‘नो’ देशी, ‘कॉग्निशन’ लॅटिन. मराठीत जाणणे आणि ज्ञान. चिनी थराची ताकद विद्यार्थ्याला रोजच्या शब्दांतून ठाऊक आहे: ‘हाक’ म्हणजे शिकणे, त्यावरून शाळा ‘हाक्क्यो’, विद्यार्थी ‘हाकसेंग’, विद्यापीठ ‘तेहाक’, शिकवणीचा क्लास ‘हागवॉन’. लॅटिन तुकडे इंग्रजीत असेच काम करतात, एवढे म्हटले की तो स्वतःच पुढे शब्द शोधू लागतो.

आता कुटुंब लिहा, पण मोजकेच. देशी थरातून ‘कॅन’, ‘कुड’, ‘नो’ आणि ‘अनकूथ’. लॅटिन-ग्रीक थरातून ‘रेकग्नाइझ’ आणि ‘डायग्नोसिस’. ‘अनकूथ’ म्हणजे आधी ‘अनोळखी’, मग ‘विचित्र’, मग ‘असभ्य’. ‘कुड’मधला ‘एल’ मुळात नव्हता, ‘शुड’ आणि ‘वुड’च्या देखादेखी घुसला. मुलांना हे फार आवडते आणि स्पेलिंग पाठ होते. ‘कॅनी’ हा शब्द मोठ्यांच्या वर्गात जरूर घ्या. मूळ ‘कॅन’च, पण अर्थ चांगल्या बाजूने राहिला: पैशात, व्यवहारात जपून चालणारा.

सावधान, खोटे नातेवाईक. फसवणूक करणाऱ्याला ‘कॉन मॅन’ म्हणतात म्हणून त्याला ‘कनिंग’च्या घरात बसवू नका. तो ‘कॉन्फिडन्स मॅन’चा छाटलेला भाग आहे, एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतला. ‘किंग’ म्हणजे ज्याला सगळे जमते तो, ही व्युत्पत्तीही चुकीची आहे. ‘किंग’ ‘किन’च्या घरातला. आणि कोरियन ‘मानी’ म्हणजे पुष्कळ, म्हणून त्याचे इंग्रजी ‘मेनी’शी नाते असे कुणी म्हटले तर नम्रपणे थांबवा. कोरियन भाषा इंग्रजीच्या कुटुंबातली नाही, हा निव्वळ योगायोग आहे.

‘चीट’चे मूळही चांगले आहे, पण आज उघडू नका. एका तासाला एकच मूळ.

टप्पा ८ : सराव

सरावाचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे: आधी गाळलेल्या जागा, मग चूक शोधणे, मग स्वतःचे वाक्य. चूक शोधण्यासाठी विद्यार्थ्याच्याच जुन्या वहीतली वाक्ये घ्या, पण नाव न सांगता. मोठ्या माणसांना, विशेषतः कंपनीतल्या अधिकाऱ्यांना, हाताखालच्यांसमोर दुरुस्त करू नका. वय आणि हुद्दा तिथे फार मानतात. वाक्य लिहून घ्या, शेजारी बरोबर वाक्य लिहून परत द्या.

स्वतःचे वाक्य घेताना एक अट घाला: ते वाचून समोरच्याला राग येईल की कौतुक वाटेल, हे शेवटी कंसात लिहायचे. ‘कनिंग’ वापरणारा राग लिहितो की कौतुक, त्यावरून सूर कळला की नाही ते समजते.

टप्पा ९ : आठवड्यानंतरची तपासणी

‘कनिंगचे मूळ काय?’ हा प्रश्न विचारू नका, तो पाठांतर तपासतो. त्याऐवजी परीक्षेतल्या प्रसंगाचे नवे चित्र दाखवून इंग्रजीत सांगायला लावा. मग ‘कनिंग’ असलेला एक नवा उतारा द्या, त्यात शब्द टीकेचा आहे की कौतुकाचा ते विचारा. ‘अनकूथ’ ओळखता येतो का पाहा. तिन्ही जमले तर शब्द बसला.

चित्रावर पुन्हा ‘डिड कनिंग’ आले तर टप्पा ३ आणि ५ परत घ्या. ६ आणि ७ ला हात लावू नका. आणि विद्यार्थी मित्राशी कोरियनमध्ये बोलताना ‘खॉनिंग’ म्हणाला तर मधे पडू नका.

पुढचा शब्द शिकणाऱ्याप्रमाणे निवडा. कारखान्यातल्या अभियंत्यासाठी ‘हँडल’ किंवा ‘ड्रायव्हर’ आधी घ्या, कारण तिथे गफलत झाली तर चुकीचे अवजार हातात येते. शाळकरी मुलासाठी ‘नोटबुक’, कारण वर्गात शिक्षक वही मागतात आणि तो लॅपटॉप काढतो. गृहिणीसाठी ‘सर्व्हिस’: हॉटेलात ‘इज धिस सर्व्हिस?’ असे विचारले तर वेटरला काहीच कळणार नाही. त्यांना आधी ‘इज धिस फ्री?’ किंवा ‘ऑन द हाउस’ द्या, आणि नंतर ‘सर्व्हिस’चा तीन रकान्यांचा तक्ता मांडा.